शब्दांचे बीजगणित

(१)

बेरीज शिकविताना शिक्षक विद्यार्थ्यास नकळत दोन सवलती देत असतो. तिनांत पाच मिळविले काय किंवा पाचांत तीन मिळविले काय, उत्तर एकच येते, ही पहिली सवलत. आणि मिळविलेले पाच वजा करून पुन्हा तिनावर परतता येते, ही दुसरी. शब्दांना यांपैकी एकही सवलत नाही. क, म, ल ही अक्षरे या क्रमाने मांडली तर ‘कमल’ होते. शेवटच्या दोहोंची अदलाबदल केली की ‘कलम’ होते. आणि एकदा उमटलेले अक्षर पुढे दुसरे अक्षर जोडून नाहीसे करता येईल, अशी सोय कोणत्याही वर्णमालेत नाही. बोललेला शब्द मागे घेता येत नाही, हे नीतीचे वचन गणितातही अक्षरशः खरे आहे.

एक नियम मात्र शब्दांसही लागू पडतो. आधी ‘क’ आणि ‘म’ जोडून मग ‘ल’ जोडला, किंवा आधी ‘म’ आणि ‘ल’ जोडून त्यांच्यापुढे ‘क’ ठेवला, तरी शब्द तोच होतो. यास साहचर्याचा नियम म्हणतात. ज्या संचात कोणत्याही दोन घटकांपासून तिसरा घटक सिद्ध करणारी एखादी क्रिया आहे आणि ती क्रिया साहचर्याचा नियम पाळते, त्या संचास गणितज्ञ ‘अर्धगट’ म्हणतात. त्यात काहीही न बदलणारा अविकारक घटक असेल आणि प्रत्येक घटकास त्याचे केलेले काम पुसून टाकणारा व्यस्त घटकही असेल, तर तो पूर्ण ‘गट’ होय. एखाद्या वर्णमालेतील सर्व सान्त शब्द आणि त्यांची एकापुढे एक जोडणी हा अर्धगटाचा सर्वांत स्वाभाविक नमुना आहे.

गट या कल्पनेचा मान गणितात फार मोठा. एकोणिसाव्या शतकात गाल्वाने समीकरणांच्या अभ्यासासाठी ती योजिली आणि पुढे भूमितीपासून भौतिकीपर्यंत तिचा संचार झाला. त्या मानाने अर्धगट म्हणजे काहीतरी उणे असलेला गट, अशीच समजूत दीर्घकाळ होती. त्याच्या नावातच हे उणेपण बसलेले आहे. हे नाव १९०४ साली सेग्यिए या फ्रेंच गणितज्ञाने आपल्या ग्रंथात प्रथम योजिले, आणि त्यानंतर वीसएक वर्षे त्याकडे क्वचितच कोणी वळून पाहिले. प्रस्तुत लेखात आम्ही या उपेक्षित कल्पनेचा इतिहास सांगू इच्छितो. भाषा आणि छंद शिकविणाऱ्या वाचकांपुढे तो मांडण्याचे कारण एवढेच की, जे उणेपण म्हणून गणले गेले ते भाषेचेच लक्षण होते, आणि भाषेचा विचार करणाऱ्यांच्या हाती पडल्यावरच या कल्पनेचे सामर्थ्य प्रकट झाले.

(२)

या इतिहासाचा आरंभ युरोपात करण्यापूर्वी आपल्या छंदःशास्त्राचा हिशेब नीट मांडणे अगत्याचे आहे. असा विषय निघाला की दोन प्रकारची घाई होते. काहीजण ‘हे सारे पिंगलाने सांगितलेच आहे’ म्हणून मोकळे होतात, तर काहीजण पिंगलाचे नावही घेत नाहीत. आमच्या मते दोन्ही मार्ग इतिहासाला धरून नाहीत.

पिंगलाच्या छंदःसूत्रांत वर्णमाला दोनच चिन्हांची आहे: लघु आणि गुरु. अर्थ, ध्वनी, रस ही सारी बाजूस ठेवून पद्याच्या चरणाकडे केवळ या दोन चिन्हांची माळ म्हणून पाहणे, ही विलक्षण धाडसाची अमूर्त कल्पना होय. अशा सर्व माळा क्रमाने लिहून काढण्याची रीत म्हणजे प्रस्तार. अमुक क्रमांकाची माळ कोणती हे सांगणे म्हणजे नष्ट. दिलेल्या माळेचा क्रमांक काढणे म्हणजे उद्दिष्ट. तीन अक्षरांच्या माळा आठच होतात, आणि तेच आपले आठ गण. ‘यमाताराजभानसलगम्’ हे स्मरणसूत्र मराठी शाळेत छंद शिकलेल्या प्रत्येकास पाठ असते. त्याची दहा अक्षरे लघु-गुरूंत मांडली तर ल ग ग ग ल ग ल ल ल ग अशी माळ मिळते. तिच्यातील लागोपाठची कोणतीही तीन अक्षरे घ्यावीत; आठही गण एकेकदाच येतात, एकही गळत नाही आणि एकही दुसऱ्यांदा येत नाही. शिवाय शेवटची दोन अक्षरे आणि पहिली दोन अक्षरे सारखीच असल्यामुळे ती एकावर एक ठेवली, तर आठ अक्षरांचे एक बंद वर्तुळ होते. अशा वर्तुळांची संख्या किती, याचे सूत्र फ्रान्समध्ये १८९४ साली सेंत-मारी याने आणि पुढे १९४६ साली हॉलंडमध्ये द ब्रुइन याने दिले, आणि आज ती वर्तुळे द ब्रुइनच्या नावाने ओळखली जातात.

मात्रावृत्तांचा विचार याच्याही पुढे जातो. लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन मात्रा धरल्या, तर प्रत्येक माळेस एक संख्या मिळते, आणि दोन माळा जोडल्या की त्यांच्या संख्यांची बेरीज होते. म्हणजे शब्दांच्या जगातील जोडणीचे संख्यांच्या जगातील बेरजेत रूपांतर होते आणि तसे होताना घडण बिघडत नाही. अमुक मात्रांच्या माळा किती, याचे उत्तर १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४ असे वाढत जाते. प्रत्येक संख्या मागील दोहोंची बेरीज असते, हा नियम विरहांकाने आणि बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्राने सांगितला. पिसाच्या लिओनार्दोचा म्हणजे फिबोनाचीचा ग्रंथ १२०२ सालचा आहे, हे लक्षात घेता या श्रेणीवरील आपला हक्क निःसंशय आहे.

तथापि पिंगलाने आणि हेमचंद्राने जे केले ते मुख्यतः मोजणीचे व मांडणीचे शास्त्र होय. शब्दांची जोडणी हीच एक बीजगणितीय क्रिया मानून तिचे नियम शोधावेत, दोन शब्द केव्हा एकमेकांच्या जागी बसू शकतात याचा सामान्य सिद्धांत रचावा, हा प्रश्न त्यांनी घेतला नव्हता. पाणिनीची गोष्ट काहीशी वेगळी. इकारापुढे भिन्न स्वर आला असता इकाराच्या जागी य येतो, अशा स्वरूपाचे त्याचे नियम म्हणजे संदर्भासह दिलेले आदेशच आहेत. चोम्स्की या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९६५ सालच्या ग्रंथात आपल्या प्रजनक व्याकरणाचा पूर्वसूरी म्हणून पाणिनीचा उल्लेख केला. १९६७ साली इंगरमन या संगणकतज्ज्ञाने संगणकभाषांच्या व्याकरणलेखनाच्या एका पद्धतीस पाणिनीचे नाव जोडावे असे सुचविले. हा गौरव योग्यच आहे. पण नियमांनी भाषा सिद्ध करणे ही एक गोष्ट, आणि अशा नियमपद्धतींच्या सामर्थ्याची सीमा सिद्ध करणे ही दुसरी. दुसरीचा इतिहास विसाव्या शतकातील आहे.

(३)

नॉर्वेतील अक्सेल थूए याने १९०६ साली एक चमत्कारिक वाटणारा प्रश्न विचारला. मराठी व्याकरणात ‘हळूहळू’, ‘घरघर’ अशा शब्दांस आपण पूर्णाभ्यस्त म्हणतो. ज्यात कोणताही तुकडा लगेच पुन्हा येत नाही, म्हणजे ज्याच्या पोटात एकही पूर्णाभ्यस्त नाही, असा कधीही न संपणारा शब्द लिहिता येईल काय? दोन अक्षरांत ते अशक्य आहे. ल ग ल येथवर जाता येते. पुढे ल ठेवला तर ‘ल ल’ होते आणि ग ठेवला तर ‘लग लग’ होते. थूएने दाखविले की वर्णमालेत तीन अक्षरे असतील तर असा अनंत शब्द रचता येतो. हे निबंध क्रिस्तियानिया येथील विद्वत्सभेच्या प्रकाशनांत छापले गेले आणि तेथेच पडून राहिले. त्यांतील निष्कर्ष पुढे अनेकांनी स्वतंत्रपणे पुन्हा शोधून काढले.

१९१४ साली थूएने अधिक खोल प्रश्न मांडला. काही अक्षरे दिली आहेत, आणि अमुक तुकड्याच्या जागी तमुक तुकडा ठेवण्यास, तसेच तमुकाच्या जागी अमुक ठेवण्यास, परवानगी देणारी नियमांची एक यादी दिली आहे. आता कोणतेही दोन शब्द पुढे आले असता, एकापासून दुसरा मिळेल की नाही हे निश्चित सांगणारी रीत आहे काय? काही विशिष्ट याद्यांपुरते थूएने उत्तर दिले. सामान्य प्रश्न तेहतीस वर्षे तसाच राहिला.

त्याच सुमारास रशियात आंद्रेई मार्कोव्ह याने भाषेकडे गणिताच्या दुसऱ्या वाटेने पाहिले. १९१३ साली त्याने पुश्किनच्या ‘येव्हगेनी ओनेगिन’ या पद्यकादंबरीतील पहिली २०,००० अक्षरे घेऊन स्वर व व्यंजने मोजली. स्वर ८,६३८ निघाले. परंतु महत्त्वाची गोष्ट ही की, स्वर येण्याची शक्यता मागील अक्षर स्वर आहे की व्यंजन यावर अवलंबून असते, हे त्याने आकड्यांनी दाखविले. मागचे सारे विसरून फक्त लगतच्या अवस्थेवर पुढचे पाऊल टाकणाऱ्या प्रक्रियांचे शास्त्र या अभ्यासाने उदाहरणासहित उभे राहिले.

या मार्कोव्हचा मुलगाही आंद्रेई मार्कोव्हच. थूएच्या प्रश्नाचे उत्तर १९४७ साली एकाच वेळी दोघांनी दिले: मॉस्को-लेनिनग्राडच्या परंपरेतील या धाकट्या मार्कोव्हने आणि न्यूयॉर्कमध्ये एमिल पोस्ट याने. उत्तर नकारार्थी होते. नियमांची अशी एक निश्चित यादी आहे की, तिच्या बाबतीत दोन शब्द परस्परांत बदलतात की नाही हे प्रत्येक वेळी सांगणारी यांत्रिक रीत असूच शकत नाही. एखाद्यास ती सापडली नाही असे नव्हे, ती नाहीच. तर्कशास्त्राच्या बाहेर, रूढ गणितात निर्माण झालेला प्रश्न अनिर्णेय ठरण्याचा हा पहिलाच प्रसंग, आणि तो शब्दांच्या अर्धगटातच घडला. गटांच्या बाबतीत असाच निष्कर्ष नोव्हिकोव्हने पुढे १९५५ साली मिळविला.

पोस्टविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. १८९७ साली पोलंडमध्ये जन्मलेला, बालपणीच अमेरिकेत आलेला आणि अपघातात एक हात गमावलेला हा मनुष्य जन्मभर मनोविकाराच्या आघातांशी झगडत राहिला. गेडेलच्या सुप्रसिद्ध अपूर्णता-प्रमेयाचा गाभा त्याच्या हाती १९२१ मध्येच आला होता, पण तो वेळेवर प्रकाशित झाला नाही. १९५४ साली तो वारला. शब्दांवर नियम चालवीत बसण्याचा हा ‘पोरखेळ’ किती दूरवर जातो हे ओळखणाऱ्या थोड्या माणसांपैकी तो एक होता.

(४)

दरम्यान अर्धगटांच्या अंतर्रचनेचा अभ्यास वेगळ्याच मंडळींनी चालविला होता. खार्कोव्हच्या सुश्केविच याने १९२८ साली सान्त अर्धगटाच्या गाभ्याची रचना उलगडली. १९४० साली इंग्लंडच्या डेव्हिड रीसने आणि १९४१ साली अमेरिकेच्या क्लिफर्डने हा पाया रुंद केला. १९५१ साली ग्रीन याने या विषयास त्याचे खरे साधन दिले. त्याची कल्पना सोप्या शब्दांत अशी: अर्धगटात गुणाकार करीत पुढे गेल्यावर कधी कधी परत येता येते, कधी कधी येत नाही. ज्या घटकांवरून एकमेकांकडे जाऊन परत येता येते त्यांची एकेक खोली करावी. खोलीतून खोलीत जाणारी वाट एकाच दिशेची, उतरणीची. खोलीच्या आत मात्र हिंडणे-फिरणे मोकळे. डावीकडून गुणावे, उजवीकडून गुणावे, की दोन्हीकडून, यांवरून अशा पाच प्रकारच्या विभागण्या होतात. या खोल्यांच्या आत कोठे कोठे लहान लहान गट दडलेले सापडतात. उणे मानलेल्या घरात थोरल्या घराण्याची माणसे अशी कोपऱ्याकोपऱ्यांत बसलेली असावीत, हे दृश्य पुढील कथेत फार महत्त्वाचे ठरणार आहे.

रीस, ग्रीन आणि पुढे क्लिफर्डसह या विषयाचा प्रमाणग्रंथ (१९६१ व १९६७) लिहिणारा प्रेस्टन, हे तिघेही दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधील ब्लेचली पार्क येथे शत्रूची सांकेतिक भाषा उलगडण्याच्या कामी होते. यावरून कार्यकारणाचा निष्कर्ष काढण्याची आवश्यकता नाही; पण अक्षरांच्या माळांचा ज्यांना इतका निकट सहवास घडला, त्यांच्याच पिढीच्या हातून हे शास्त्र आकारास आले, एवढी नोंद इतिहासाने ठेवावी.

(५)

यंत्रांची वाट या कथेत मज्जातंतूंवरून येते. १९४३ साली मॅकलक हा मनोविकारतज्ज्ञ आणि वॉल्टर पिट्स हा वीस वर्षांचा, बहुतांशी स्वतःच शिकलेला तरुण यांनी मेंदूतील पेशींच्या जाळ्याचे एक तार्किक प्रतिमान मांडले. अशा जाळ्यास कोणकोणते अनुक्रम ओळखता येतील, हा प्रश्न स्टीफन क्लेनी या तर्कशास्त्रज्ञाने १९५१ च्या उन्हाळ्यात हाती घेतला. त्याचा निबंध १९५६ साली प्रसिद्ध झाला. त्याचे उत्तर आश्चर्यकारक रीतीने नेटके होते. सान्त यंत्रास ओळखता येणाऱ्या भाषा म्हणजे, मूळ अक्षरांपासून ‘हे किंवा ते’, ‘यापुढे ते’ आणि ‘हेच कितीही वेळा’ या तीन क्रियांनी रचता येणाऱ्या भाषा. अशा भाषांस ‘नियमित’ म्हणतात. आज संगणकावर मजकुरात एखादा शब्द शोधताना जी सांकेतिक मांडणी वापरली जाते, तिचा उगम येथे आहे.

‘यंत्र’ या शब्दाने चाके व पट्टे डोळ्यांपुढे आणू नयेत. मोजक्या अवस्था आणि प्रत्येक अक्षरागणिक अवस्था कशी बदलते याचा तक्ता, एवढेच हे यंत्र. लघु-गुरूंची दोन यंत्रे पाहू. पहिल्याच्या अवस्था ‘सम’ व ‘विषम’. लघु आला की अवस्था पालटते, गुरु आला की तशीच राहते. हे यंत्र चरणाच्या मात्रा सम आहेत की विषम, ते सांगते. दुसऱ्या यंत्रास फक्त शेवटचे अक्षर स्मरते. लघु आला की, पूर्वी काहीही असो, अवस्था ‘ल’; गुरु आला की अवस्था ‘ग’. पहिल्या यंत्रात लघूने केलेला पालट दुसऱ्या लघूने उलटविता येतो. दुसऱ्यात अक्षर आल्याबरोबर भूतकाळ पुसला जातो आणि तो परत मिळविता येत नाही. पहिले गटाचे यंत्र, दुसरे विस्मरणाचे.

कोणत्याही यंत्रात प्रत्येक शब्द अवस्थांवर काहीतरी परिणाम घडवितो. शब्द जोडले की परिणाम एकामागून एक घडतात. शब्द अनंत, पण अवस्था मोजक्या असल्याने निरनिराळे परिणाम मात्र सान्तच. म्हणजे प्रत्येक यंत्राच्या पोटात एक सान्त अर्धगट असतो. मायहिल (१९५७), निरोड (१९५८), आणि राबिन व स्कॉट (१९५९) यांच्या निबंधांनी हा संबंध पक्का केला. ग्रीनने ज्या खोल्यांचा नकाशा काढला होता, त्या खोल्या आता यंत्रांच्या पोटात आढळू लागल्या.

(६)

या साऱ्या वाटा ज्याच्यापाशी एकत्र आल्या तो पुरुष म्हणजे मार्सेल-पॉल श्युत्झेनबर्जे (१९२०–१९९६). तो वैद्यकाचा पदवीधर होता. गणिताकडे नंतर वळला. १९५५-५६ च्या पॅरिसमधील एका चर्चासत्रात, संकेतलेखनाचा विचार करताना त्याने जी कल्पना मांडली ती भाषाशिक्षकास लगेच ओळखीची वाटेल.

‘आंबा’ आणि ‘भोपळा’ हे शब्द घ्या. ‘पिकलेला आंबा’ चालते तेथे ‘पिकलेला भोपळा’ही चालते, ‘पाच आंबा’ चालत नाही तेथे ‘पाच भोपळा’ही चालत नाही. व्याकरणाच्या दृष्टीने दोघांच्या जागा एकच. ‘चिंच’ मात्र वेगळी, कारण तिला ‘पिकलेली’ लागते. आता ‘फणस’ घ्या. ‘पिकलेला फणस’ येथे तो आंब्यासारखाच वागतो. पण ‘पाच फणस’ म्हणता येते आणि ‘पाच आंबा’ म्हणता येत नाही. एकाच संदर्भाने तो आंब्याच्या रांगेतून बाहेर पडला. श्युत्झेनबर्जेचा नियम हाच: दोन शब्द समान तेव्हाच, जेव्हा त्यांच्या अलीकडे-पलीकडे काहीही ठेवले असता, एकाने होणारे वाक्य भाषेत बसते तेव्हा दुसऱ्यानेही होणारे बसते. समान शब्दांची अशी एकेक रास केली की त्या राशींची आपापसांत जोडणी होते, आणि भाषेस तिचा स्वतःचा अर्धगट प्राप्त होतो. भाषा नियमित असेल तर हा अर्धगट सान्त असतो, आणि सान्त असेल तर भाषा नियमित असते. शब्दाची ओळख त्याच्या सर्व संदर्भांवरून, हा विचार अमेरिकेतील झेलिग हॅरिस प्रभृती भाषाशास्त्रज्ञ त्याच काळात आपल्या रीतीने करीत होते. येथे तो प्रमेयाचा आधार झाला.

ते प्रमेय १९६५ साली आले. त्याचा आशय आपल्या वृत्तांच्या भाषेत सांगता येतो. भुजंगप्रयाताच्या चरणात चार य-गण असतात. ‘मनाचे श्लोक’ याच वृत्तात आहेत. चरणाची लांबी ठरलेली असते हे खरे, पण क्षणभर अशी कल्पना करू की य-गणाचे आवर्तन कितीही वेळा चालू ठेवण्यास मुभा आहे. एखादी माळ केवळ य-गणांची आहे, हे ओळखण्यास गण मोजावे लागत नाहीत. माळेचा आरंभ लघूने व्हावा, शेवट दोन गुरूंनी व्हावा, आणि मध्ये कोठेही ‘ल ल’, ‘ल ग ल’ किंवा ‘ग ग ग’ येऊ नये. इतके पाळले की माळ आपोआप य-गणांचीच होते. थोडक्यात, निषेधांनीच तिचे वर्णन झाले. ‘हेच कितीही वेळा’ या क्रियेची गरज उरली नाही.

आता आठ मात्रांचे पद्मावर्तन घ्या. (आवर्तनांवरून मराठी जातींचे वर्गीकरण करणाऱ्या ‘छंदोरचना’ या ग्रंथाचे कर्ते माधव जूलियन हे जन्माने बडोद्याचेच.) येथेही आवर्तने अमर्याद चालू द्या, आणि माळेच्या एकूण मात्रा आठांच्या पटीत आहेत की नाहीत एवढेच विचारा. स्थानिक निषेधांची कोणतीही यादी येथे पुरी पडत नाही. हजार लघूंच्या माळेत आणि हजार एक लघूंच्या माळेत दिसण्यासारखा फरक काहीच नाही. पहिली आठांनी सुटते, दुसरी सुटत नाही. येथे मोजलेच पाहिजे. या भाषेचा अर्धगट पाहिला तर तो आठ घटकांचा चक्राकार गट निघतो: लघु एक पाऊल पुढे टाकतो, गुरु दोन, आणि आठ पावलांनी मूळ जागा येते.

श्युत्झेनबर्जेचे प्रमेय सांगते की हा भेद सार्वत्रिक आहे. नियमित भाषेचे वर्णन ‘किंवा’, ‘नव्हे’ आणि ‘यापुढे’ एवढ्याच क्रियांनी, अमर्याद आवर्तनाची क्रिया न वापरता करता येते, ते नेमके तेव्हाच, जेव्हा तिच्या अर्धगटाच्या कोणत्याही कोपऱ्यात एकाहून अधिक घटकांचा गट दडलेला नसतो. अक्षरगणवृत्त आणि मात्रावृत्त यांतील जो फरक आपल्या कानास केव्हाचा जाणवत होता, त्यास येथे बीजगणिताचे नाव मिळाले. शतकभर पूज्य मानला गेलेला गट भाषेच्या राज्यात विशिष्ट कामाचा मानकरी ठरला: जेथे गट, तेथे मोजणी. आणि जेथे मोजणीवाचून केवळ क्रम व निषेध यांवर काम भागते, तेथे गटाचे काम नाही. ते राज्य निखळ अर्धगटाचे.

(७)

त्याच वर्षी, १९६५ मध्ये, क्रोन आणि ऱ्होड्स या दोन अमेरिकन तरुणांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांतील प्रमेय त्यांनी १९६२ च्या सुमारास सिद्ध केले होते. प्रत्येक सान्त यंत्र दोनच जातींच्या विटा थरावर थर रचून बांधता येते: साध्या गटांची यंत्रे आणि विस्मरणाची यंत्रे. आपली वर पाहिलेली दोन यंत्रे ही या दोन जातींचीच उदाहरणे होत. संख्यांचे जसे मूळ अवयव, तसे यंत्रांचेही अवयव सापडले. पोलंडमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थिरावलेल्या सॅम्युएल आयलेनबर्ग याने १९७४ व १९७६ च्या दोन खंडांत या साऱ्याची शास्त्रशुद्ध मांडणी केली आणि भाषांची कुळे व अर्धगटांची कुळे यांचा एकास एक मेळ बसविला.

या यशाची मर्यादाही तेव्हाच स्पष्ट झाली होती. चोम्स्कीने १९५६ साली दाखविले की मानवी भाषा सान्त यंत्राच्या आवाक्यातील नाही. ‘जर’ आला की ‘तर’ यावा लागतो. पण त्या दोहोंमध्ये दुसरी ‘जर–तर’ची जोडी बसू शकते, तिच्या पोटात तिसरी. किती ‘जर’ उघडे आहेत हे अमर्याद लक्षात ठेवणे मोजक्या अवस्थांच्या यंत्रास शक्य नाही. १९६३ साली चोम्स्की आणि श्युत्झेनबर्जे यांनी संयुक्त निबंधात सिद्ध केले की अशा संदर्भमुक्त व्याकरणाच्या सर्व भाषांच्या मुळाशी एकच आकृती आहे: नीट उघडलेल्या व नीट मिटलेल्या कंसांची. उघडलेला कंस त्याच्याच जोडीचा कंस मिटवितो, पण आधी मिटणारा आणि मग उघडणारा अशी जोडी नाहीशी होत नाही. शब्दांच्या राज्यात व्यस्त घटक नाही, असे आरंभी म्हटले. येथे तो अर्धाच अवतरतो. पूर्ण व्यस्त नव्हे, एका बाजूचा. तेवढ्यानेच वाक्यरचनेचा सारा पसारा उभा राहतो.

(८)

या शास्त्रात आधुनिक भारताचा वाटाही आहे, आणि तो पूर्वजांच्या नावावर नव्हे, कामाच्या बळावर मिळविलेला आहे. केरळमधील के. एस. एस. नंबूद्रिपाद यांचा नियमित अर्धगटांच्या रचनेवरील प्रबंध अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीने १९७९ साली प्रसिद्ध केला आणि जगातील अभ्यासकांनी तो आधारभूत मानला. मद्रास ख्रिश्चन कॉलेजातील रानी सिरोमनी यांनी आकारिक भाषांचा विचार शब्दांच्या एका ओळीतून चित्रांच्या पटावर नेला. तमिळ अंगणांतील कोलम, म्हणजे आपल्या रांगोळीची ठिपक्यांची बहीण, ही कोणत्या व्याकरणाने सिद्ध होते, याचा अभ्यास त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतरच्या दशकात केला. घरोघरच्या परंपरेतील वस्तू आधुनिक प्रश्नाच्या प्रकाशात आणण्याची ही रीत आम्हांस अनुकरणीय वाटते. तीत परंपरेचा अवास्तव बडेजाव नाही आणि तिची उपेक्षाही नाही.

मराठीत छंदाचा धडा आजही शिकविला जातो; बहुधा गणांची नावे, मात्रांची मोजदाद आणि चार उदाहरणे एवढ्यावर तो संपतो. विद्यार्थी तो पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो. त्या धड्यात ‘यमाताराजभानसलगम्’ची आठ खिडक्यांची माळ आहे, ३४ पर्यंत चढत जाणारी मात्रांची श्रेणी आहे, आणि मोजावे लागणारी वृत्ते व न मोजता ओळखू येणारी वृत्ते यांतील तो भेद आहे, ज्यास १९६५ साली प्रमेयाचे रूप मिळाले. गणिताचा शिक्षक आणि मराठीचा शिक्षक एकाच शाळेत शेजारच्या वर्गांत बसतात. पिंगलाने लघु-गुरूंची माळ मांडली तेव्हा हे दोन वर्ग वेगळे नव्हते. त्यांच्यामधील भिंत आपणच घातलेली आहे, आणि छंदाच्या एका तासापुरती ती बाजूस सारणे आपल्याच हाती आहे.